गोपाळनं प्यालेली बियर

२ मे १९६७, मलकापूर

— आणि वर गोपाळ म्हणतो काय, "तुले नाही समजनार ते, अनंता!" मला नाही समजणार! बियरमधलं! मला!

कालपर्यंत या घरात बियर म्हणजे मी. नागपूरला फादरांच्या शाळेत माझ्या बाकावर डेस्मंड बसायचा. त्याचे वडील रेल्वेत ड्रायव्हर, त्यांच्याकडे दारूचं परमिट. त्यांच्या घरी मी चाखलीय. बाटल्यांची लेबलं पाण्यात भिजवून, अलगद सोलून, बिस्किटांच्या डब्यात जपलीत. फेस कसा बघायचा, ग्लास तिरपा कसा धरायचा — सगळं मी मामांच्या ओट्यावर बसून सांगायचो. मामा आत गेल्यावर, अर्थात. आणि गोपाळ, माझा मामेभाऊ, मामांच्या कापसाच्या दुकानात सरकीच्या पोत्यांवर बसणारा, तोंड उघडं टाकून ऐकायचा.

काल शेजारच्या मास्तरांची शैलजा कैऱ्या द्यायला आली आणि टेकली. नेमकं तेव्हाच याला कंठ फुटला! "बाटलीतली काय घेऊन बसला बे? मी जवारीची बियर प्यालो. घरी केलेली. वरवट बकालले सोजराबाई म्हणून एक म्हातारी हाय. तिचा नवरा तिकडं पंजाबात बियरच्या कारखान्यात होता. तो शिकून आला, तिले शिकवून मेला. साऱ्या जिल्ह्यात एकच घर!"

मग मडकं असं, मग फेस तसा, मग एक पेला, मग दुसरा पेला, मग हसू आवरेना. आणि शैलजा हसली. अशी हसली की डोळ्यांत पाणी. सारखी गोपाळकडे बघत होती. माझ्या लेबलांच्या डब्यावर हिनंच जांभई दिली होती! शिवाय मला 'तुम्ही', त्याला 'तू'.

शाळेत असं वाटलं की आम्ही जेलस म्हणायचो. बरा शब्द आहे, पावडर लावून फिरतो. मराठीत 'जळतो' म्हटलं की वास येतो.

३ मे

जेवलो नाही. मामी म्हणाली, ऊन लागलं. हो. ऊनच!

४ मे

ठरलं. वरवट बकालला जायचं.

मला नुसती बियर नकोय. मला ती गोष्ट पाहिजे. गोपाळच्या गोष्टीपेक्षा चांगली, आणि पुरावा म्हणून बाटली. आखाजी, म्हणजे इकडची अक्षय तृतीया, झाली की शैलजा अमरावतीला मावशीकडे जाणार, मग तिकडेच कॉलेज. म्हणजे आखाजीच्या आत परत यायलाच पाहिजे.

गोपाळला म्हटलं, घर कुठे ते नीट सांग. म्हणतो, "गल्ली ध्यानात नाही बे." दोन पेले ध्यानात आहेत, गल्ली नाही! लपवतोय. एकट्यालाच पाहिजे.

शैलजाचे वडील मागे वरवटजवळच्या संग्रामपूरला मास्तर होते, म्हणून रस्ता तिला विचारला. सांगितला तिनं. मग म्हणाली, "तुम्ही खरंच जाणार?" कान लाल झाले होते तिचे. गोपाळच्या गोष्टीची चौकशी केली म्हणून!

मामीला सांगितलं, शेगावला दर्शनाला जातो. तिनं लगेच पिशवीत नारळ टाकला. आता शेगावही करणं आलं.

६ मे, संग्रामपूर

बाजाराचा दिवस. हॉटेलात शिरलो. आत दहाजण एकाच वेळी बोलत होते. मी विचारलं, "क्षमा करा, इथे घरगुती बियरबद्दल कोणी सांगू शकेल का?"

एकानं बशीतला चहा बशीतच ठेवला.

बुशशर्ट, बूट, आणि वर 'क्षमा करा'. दारूबंदीवाला समजले मला! हॉटेलवाला हात जोडून म्हणतो, "साहेब, आमच्या गावात तं चहाबी पातळ पेतात."

मागून हसले सगळे. गोपाळ असता तर "काय राजेहो" म्हणून बाकावर बसला असता, आणि त्यांनी त्याला हाताला धरून नेलं असतं. मला फादरनी उच्चार शिकवले. उच्चारांचं काय लोणचं घालू?

७ मे, वरवट बकाल

घर सापडलं! विचारावं लागलं नाही फार. अंगणात म्हातारी मोड आलेली ज्वारी धोतरावर पसरत होती. मोड आलेली! म्हटलं, "आपणच सोजराबाई का? आपण बियर बनवता असं ऐकलं."

"बियर? ते काय असते, बापा?"

मी फेस हातानं करून दाखवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "उनातून आले. थंडगार आंबील हाय. पेता का?"

आंबील! भाद्रपदात महालक्ष्म्यांना आई करते ती! इतका धुरळा खाऊन मी आंबील पिऊ? "नको," म्हटलं. तिनं परत विचारलं. "नको, नको, आभारी आहे."

"बरं मंग," म्हणाली आणि ज्वारीला लागली. गेलो तसा परत आलो.

मुक्काम हिंमतरावांकडे. यांचा कापूस मामांच्या दुकानात येतो. जेवताना त्यांना सगळं सांगितलं — आता लाज कसली! त्यांना हसता हसता ठसका लागला. सुभद्राबाईंना, त्यांच्या बायकोला, हाक मारली. "अवो ऐकलं काय? पाव्हण्यानं आंबिलीले नाही म्हटलं!"

"आई!" आतून सुभद्राबाई.

हिंमतराव माझ्याकडे वळले, "अहो पाव्हणे, आमच्या गावात तिले आंबीलच म्हणतेत! तुमच्यासारखा साहेब येऊन 'बियर बियर' कराले लागला, तं थे काय हो म्हणन? अन् तरी पेल्यात द्याले निघाली होती. तुमचं नशीब तुम्हीच लाथाडलं!"

दोनदा विचारलं तिनं. दोनदा!

८ मे, वरवट बकाल

सकाळी हिंमतरावांच्या गोठ्यात गाईसमोर उभा राहून घोकलं. "मावशी, आंबील हाय काय? मावशी, आंबील हाय काय?" गाईनं मान फिरवली.

सोजराबाई दारातच. "काल नाही म्हटलं, आज काऊन?"

घोकलेलं सगळं उडालं. तोंडातून निघालं, "काल मले समजलं नाही, मावशी."

मले! आयुष्यात दुसऱ्यांदा. लहानपणी एकदा म्हटलं होतं, तर आईनं मोठे डोळे केले होते.

"बोलता येते तं तुले!" म्हणाली, आणि बाजेवर बसवलं.

मडक्याच्या तोंडाला ओलं फडकं. पितळी पेला, कड एका बाजूनं चेपलेली. फेस पांढरा नाही, मातकट गुलाबी, आणि उभा राहत नाही, कडेला जाळीसारखा लागतो. गोपाळनं सांगितलं होतं पांढराशुभ्र, वीतभर! थापाड्या. वास तव्यावरच्या भाकरीचा. आधी आंबट, मग थोडी गोड, मग मागून कडू येतं — ते किराईताच्या काड्यांचं, तिनं सांगितलं. नाकात झिणझिण्या. मी डोळे मिटून घेतले. डेस्मंडच्या घरची एकही हिच्या पासंगाला पुरणार नाही. आनंद झाला, खरंच झाला — आणि लगेच वाटलं, हा पेला त्याच्या तोंडाला आधी लागलाय.

तेवढ्यात म्हातारीच म्हणाली, "दिवाईत तुह्यासारखंच एक लेकरू आलं होतं, मलकापूरचं. शिकेल-सवरेल. त्यानं दोन पेले पेले अन् हसून हसून याच बाजेवर लोळलं! यजमानाच्या साऱ्या गोठी इचारल्या मले, थे कारखान्यात कसे राह्यत, मले पत्रात काय लिहीत. कोनी इचारते का म्हाताऱ्या बाईले? जाताना पायाले हात लावला. असं गोड लेकरू!"

गोड! मॅट्रिकला दोनदा बसलेला गोपाळ, शिकेल-सवरेल! माणसांवर काय जादू करतो कोण जाणे. मला तर यजमानांबद्दल विचारायचं सुचलंही नव्हतं. मग विचारलं, पण उशिरा विचारलेलं तिला कळलं असणार.

दोन पेले प्यालो. हसू येईना. तिसरा मागितला. तरी नाही. कोरडा ठणठणीत.

निघताना तिनं बाटली भरून बूच सुतळीनं बांधून दिली. "ओल्या फडक्यात ठेवजो. उनानं पिसाळते." आणि कोनाड्यातून एक पेन काढला. "त्या लेकराचा राह्यला होता. देऊन देजो त्याले."

हे त्याच पेननं लिहितोय. सुळसुळ चालतो. साल्याचा पेनसुद्धा माझ्यापेक्षा चांगला!

९ मे

आलो. पण काय आलो!

शेगावच्या एस.टी.त खचाखच गर्दी. पिशवी मांडीवर, बाटली ओल्या फडक्यात. फडकं कधी वाळलं कळलं नाही. खड्डा आला आणि धाड्! बूच टपाला लागून ड्रायव्हरच्या मानेवर. फेस माझ्या शर्टावर, शेजारच्या आजीच्या लुगड्यावर, नारळावर. आणि पुढच्या सीटवर कोण? हवालदार!

तो वळला. नाक वर केलं. "काय हाय हे?"

सगळं शुद्ध मराठी पळालं. म्हटलं, "आंबील हाय, साहेब. मावशीनं देल्ली. महालक्ष्म्याची."

"महालक्ष्म्या? मे महिन्यात?"

तेवढ्यात शेजारची आजी लुगडं झटकत म्हणाली, "मंग उरली असन तवाची! म्हनून तं उडाली!"

अख्खी एस.टी. हसली. ड्रायव्हर मान चोळत हसला. हवालदारानं तोंड आवळून पाहिलं, पण त्यालाही फुटलंच. कंडक्टर म्हणतो, "आंबिलीचं हाफ तिकीट काढा."

आणि मी हसलो! पोट धरून, पिशवी धरून. तीन पेल्यांना जमलं नाही ते बाटली फसफसून झालं.

शेगावला आधी आंघोळ, शर्ट बदलला, मग दर्शन. नारळ वाढवला. तिथून पॅसेंजर. बाटलीच्या तळाला थोडी शिल्लक आहे.

१० मे, मलकापूर

उद्या संध्याकाळी ओट्यावर. पेन सगळ्यांसमोर द्यायचा. "घे, बाजेवर लोळताना पडला होता तुझा." वाक्य पाठ झालंय.

११ मे

सांगितली. गोष्ट पहिल्यापासून — पातळ चहा, आंबील, गाय, मले, बूच, आजी. मामीसुद्धा दारात उभी राहून पदरात हसत होती (तिला वाटलं, खरंच आंबील). फेस मी बरोबर सांगितला. गुलाबी, जाळीचा. तेव्हा शैलजानं मान हलवली. एकदम हळू. गोपाळ चुळबूळ करत नखं कुरतडत होता. जळतोय, म्हटलं. जळ!

मामी आत गेल्यावर बाटलीतलं उरलेलं वाटीत ओतलं. फेस गेला होता, वास होता. शैलजानं वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि विचारलं, "पेल्याची कड अजून चेपलेलीच आहे?"

मी हो म्हणालो. पेल्याच्या कडेचं मी सांगितलं कधी, असं मनात आलं — पण माझं वाक्य तयार होतं ना! खिशातून पेन काढला. "घे गोपाळ. बाजेवर लोळताना पडला होता तुझा."

गोपाळनं हात पुढे केला नाही. खाली पाहून म्हणाला, "माहा नाही तो."

"मग कोणाचा?"

शैलजानं हात पुढे केला. पेन घेतला, टोपण काढून निब पाहिलं, परत लावलं.

"सोजरामावशी अजून लेकरूच म्हणते का मला?"

१२ मे, आखाजी

पेन्सिलनं.

लेकरू आलं, लेकरू प्यालं, लेकरू लोळलं. त्यानं विचारलं, त्याचा पेन राहिला. फादरांच्या शाळेत मराठीच्या तासाला मी खिडकीबाहेर बघायचो. लेकरू मुलगीही असतं!

आज झोके बांधले होते. झोक्यावर उभी राहून, खाली न बघता शैलजा म्हणाली, "मी प्याले म्हणून सांगितलं असतं, तर बाबांनी अमरावतीला पाठवलं असतं मला? पण कोणाच्या तरी तोंडून ऐकायची होती ती गोष्ट. म्हणून गोपाळला म्हटलं, तू तुझी म्हणून सांग. त्यानं फेसाचं सगळं चुकवलं. म्हणून हसत होते. तुझं बरोबर होतं."

तुझं म्हणाली. पण गोष्ट आधी दिली ती त्यालाच. आणि दोन पेल्यांत हसून लोळली ती. मी तीन प्यालो आणि ठणठणीत.

तर आता, वही, तूच सांग — मी जळायचं कोणावर? ज्याला तिनं गोष्ट दिली त्याच्यावर, की जिची ती होती तिच्यावर?