रफू केलेला काळा टी-शर्ट

अण्णा, तुमचा तो काळा टी-शर्ट अजून घरात आहे. छातीवर लांब केसांचे चार परदेशी गाणारे, पाठीवर ते जिथं जिथं गायले त्या गावांची नावं, आणि पोटावर तुम्ही केलेला रफू. सोलापुरातले माग बंद पडले म्हणून तुम्ही मुंबईला गेलात आणि दोन वर्षांनी परत आलात ते हा अंगात घालूनच. तिकडं काय करत होतात, याबद्दल मरेपर्यंत तोंड उघडलं नाहीत. आईनं ठरवूनच टाकलं की तिकडं एक बाई होती आणि हा तिनंच दिला. अंथरुणाला खिळल्यापासून तर रोज तेच. "बाई हुती का न्हवती, तेवढंच सांग की." मी काय सांगू? कारखान्यात दिवसभर टॉवेल तपासून येते, तिला भरवते, कूस बदलून देते, आणि वर हे. जीव विटलाय माझा.

मध्यंतरी माझ्या लेकानं मोबाईलवर शोध घेतला. असा टी-शर्ट दुकानात कधी विकलाच नव्हता म्हणे, त्या बँडबरोबर सामान वाहणाऱ्या माणसांनाच वाटला होता. एवढी दुर्मिळ वस्तू घरात म्हणून तो खूश झाला आणि मला मात्र घोर लागला. तिकडच्या हमालाचा कपडा तुमच्या अंगावर कसा? कारखान्याला मशीन पुसायच्या चिंध्या पुरवणारे एक म्हातारे चाचा आहेत, शेवटी त्यांच्यापुढं धरला. चित्राकडं त्यांनी बघितलंही नाही. रफू बोटानं चाचपला आणि म्हणाले, हा फाटलेला नाही, सुरीनं चिरलाय. परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे मुंबईच्या बंदरात येतात. ते कुणी घालायला विकू नयेत म्हणून आधी चिरायचे आणि मग चिंध्या म्हणून विकायचे. चाचा तरुणपणी तिथल्या शेडमध्ये हेच करत होते. मग ते हसले. ताणल्या जाणाऱ्या कापडात उभे-आडवे धागे घालून तुम्ही मागावरच्या कापडासारखा रफू केलात, म्हणून तो तिथं आक्रसलाय. विणकराशिवाय अशी चूक कोण करणार? असा रफू करणारा त्यांच्यात एकच होता, सोलापूरचा.

"चिरायच्या आधी तो कपड्यावरनं हात फिरवायचा," चाचा म्हणाले. "मुकादम शिव्या द्यायचा. तो सोलापूरवाला मला म्हणायचा, विणणारा माणूस मी, कापडं फाडतो असं घरी कुठल्या तोंडानं सांगू?"

अहो, सांगायचं होतं की. आम्ही काय हसलो असतो तुम्हाला?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी हिला शांत झोप लागेल. तिनं एवढंच विचारलं,

"मग त्येंना जेवायला कोण घालायचं?"

शेडमध्येच गठ्ठ्यांवर झोपायचात, एवढंच चाचांनी सांगितलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं काही विचारायचंच सोडलं.

हे पत्र कुठं टाकायचं ते मलाही कळत नाही, असू दे इथंच, टी-शर्टच्या घडीत. पण एक कबूल करते. ती बाई निघू नये म्हणून मी इतकी वर्षं देवापुढं हात जोडले, आणि आता वाटतं, असती एखादी तर बरं झालं असतं.