गिअरवर उभी व्हॅन

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं आणि बाबांची व्हॅन नेमकी आताच रुसली आहे. लांब दांडा गिअरबॉक्समधून निघून मागच्या चाकांकडे जातो ना, त्या तोंडाचं सील गेलंय. दर खेपेला तेल ओतून नेतो. इथला मिस्त्री पुढच्या महिन्याची बात करतो. एक खेप चुकली तरी आईच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले.

सील आणलंय. तुझी अर्धी हयात गाड्यांखाली लोळण्यात गेली, तेव्हा कसं बसवायचं ते लिही. उंटावरून शेळ्या हाकायची तुला हौस आहेच. हँडब्रेक मात्र कधीचाच गेलाय.

लोभ असू दे. वाढवायचा का, ते व्हॅन चालल्यावर बघू.

तुझा,
बारक्या

९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

आजवर तू माझं एक काम सांगितलं तसं केलं नाहीस. या वेळी आपलं डोकं चालवू नकोस, शब्दन्शब्द ऐक. व्हॅन उंच आहे, जॅक नको. हँडब्रेक नसेल तर बाबा ठेवायचे तशी पहिल्या गिअरमध्ये ठेव. खाली शिरून दांड्याचे मागचे चार बोल्ट सोड आणि दांडा ओढून काढ. जुनं सील उचकट, जागा पूस, नव्याला तेल लावून चहूबाजूंनी हलकं ठोक. तिरकं बसलं तर पुन्हा गळेल.

आईला नमस्कार, तुझ्या बायकोला, आमच्या धाकटीला, आशीर्वाद. लोभ तुझ्यावर नाही तर कुणावर असणार?

दादा

२४ मार्च

ती. भाऊजींस,
धाकटीचा नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात, पण तीन दिवसांत कुणाशी एक शब्द बोलला नाहीत, म्हणून लिहिते. व्हॅन कशी सुटली ते अजून कळत नाही. गिअर टाकलेला मी स्वतः पाहिला होता. त्याने चौथा बोल्ट काढला आणि व्हॅन उतारावरून सरकली. चाक त्याच्या छातीवरून गेलं, तो जागीच संपला.

आई म्हणतात, तो कधी कुणाचं ऐकायचा नाही, याही वेळी आपलंच केलं असेल. उठता-बसता त्याला बोल लावतात. मला ते ऐकवत नाही. तुमचं पत्र त्याच्या खिशात होतं, पण तेलाने भिजून अक्षरही लागत नाही. त्याचं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. आईंना सध्या शेजारचे लोक दवाखान्यात नेतात.

आमच्यावरचा लोभ तुटू देऊ नका.

धाकटी

३० मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे आईला वाचून दाखव. गिअर चाकांना धरतो तो त्या दांड्यामुळेच. दांडा सुटला की गिअर असून नसल्यासारखा. म्हणून आधी चाकांना ठोकळे लावायचे, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी ते लिहिलं नाही. वीस वर्षं सपाट फरशीवर काम करतोय. ज्या उतारावर आम्ही दोघं सायकल सोडायचो, तो अंगणातला उतार मला आठवलाच नाही.

अंगणात पाय ठेवला तेव्हा आठवला. पण आईसमोर तोंड उघडलं नाही. माझं पत्र वाचता येत नाही हे तुझ्याकडून कळलं, तेव्हा मला हायसं वाटलं. त्याची लाज वाटते.

लोभ मागत नाही. आईला एवढंच सांग, त्याचं काही चुकलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने माझं शब्दन्शब्द ऐकलं.

दादा