पिसलेले क्रमांक

प्रिय तायडे,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतोय आणि आई गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतेय, म्हणजे सगळं ठीक. खरं तर फोनच करायला हवा होता. पण फोनवर तू गप्प बसतेस, आणि समोरचं माणूस गप्प बसलं की माझी टकळी सुरू होते. नको ते सगळं बोलून होतं आणि हवं ते राहून जातं. तू शनिवारी तुझ्या गोट्याचं हृदय बघायला येणार आहेस. त्याआधी तुला काही सांगायचंय, आणि ते मला लिहूनच जमेल असं दिसतंय.

माझी कामाची जागा तू बघितलेली नाहीस. लांबलचक बोळाच्या टोकाला एक खोली, खिडकी आहे पण ती कायम पडद्याने झाकलेली, कारण उजेड आला की माझ्या स्क्रीनवरचं काही दिसत नाही. दोन मोठे स्क्रीन, एक डुगडुगणारी खुर्ची, आणि पाहुण्यांसाठी दुसरी जरा बरी खुर्ची. लहानपणी एका जागी बसत नाही म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणायचात. आता मी दिवसभर एका जागी बसते आणि दुसऱ्यांची हृदयं फिरवते. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते किती दिवसांनी हसले होते, आठवतंय?

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जी बाळं वाचली नाहीत आणि ज्यांच्या आईबापांनी होकार दिला, त्यांची हृदयं वेगवेगळ्या हॉस्पिटलांतून आमच्याकडे येतात. मशीनवाले काका ती औषधात भिजवून ठेवतात, मग मशीनमध्ये ठेवून सगळ्या बाजूंनी त्यांचे एक्स-रे काढतात. त्यातून कॉम्प्युटर हृदयाच्या हजारो पातळ चकत्या तयार करतो. प्रत्यक्षात सुरी लागत नाही, सगळं चित्रातच. त्या चकत्या पत्त्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या की अख्खं हृदय उभं राहतं. मूळ हृदयं ज्या त्या हॉस्पिटलकडे परत जातात, तिथे त्यांची रीतसर व्यवस्था होते. आमच्याकडे राहतं ते हे उभं केलेलं. त्यात रंग भरायचं काम माझं. स्नायूला एक रंग, शिरांना दुसरा. आणि भोक तर रंगवता येत नाही ना, म्हणून मी आतली पोकळी रंगाने भरते. जिथे दोन रंग एकमेकांत मिसळायला नको होते आणि मिसळलेत, तिथे भोक.

हे सगळं आम्ही इंटरनेटवर खुलं करतो. कुठल्याही गावचा विद्यार्थी, कुठलाही डॉक्टर ते उघडतो, बोटाने फिरवतो, आत शिरून बघतो, हवं तर प्लास्टिकमध्ये छापून हातात घेतो. मला याचा फार अभिमान आहे, ताई, अजूनही आहे. तूही, गोट्या गेला त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर, डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत, हो म्हणाली होतीस. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, एवढंच बोललीस. भाऊजी भिंतीकडे बघत होते. पण खुलं म्हणजे खुलं. मध्ये कुणा दीडशहाण्याने आमच्या संग्रहातलं एक हृदय छापून त्याच्या किल्लीच्या साखळ्या केल्या आणि वर मला फोटो पाठवला, छान झालंय ना म्हणून. मी तो फोटो लगेच पुसून टाकला. पण एकदा खुलं केलेलं मागे घेता येत नाही. आमच्या साइटवरून काढलं तरी ज्यांनी उतरवून घेतलंय त्यांच्याकडे ते राहणारच.

मागच्या महिन्यात तुझा फोन आला. गोट्याचे सगळे फोटो पुन्हा बघितलेस म्हणालीस, आणि प्रत्येकात त्याच्या नाकात नळी, गालावर चिकटपट्टी, छातीवर तारा. त्याचं काहीतरी एक मला नळीशिवाय बघायचंय गं, म्हणालीस. तू माझ्याकडे कधी काही मागत नाहीस. नवीन छत्रीसुद्धा कधी मागितली नाहीस, माझी फाटकी घेऊन शाळेत जायचीस. त्यामुळे मी उचलली जीभ लावली टाळ्याला. हो, बघते की, त्यात काय!

त्यात काय, ते मला फोन ठेवल्यावर आठवलं. जगासमोर मांडायच्या आधी आम्ही प्रत्येक हृदयावरचं नाव, तारीख, हॉस्पिटल सगळं पुसतो. वयसुद्धा नेमकं ठेवत नाही, नुसतं ‘महिन्याच्या आतलं’. एवढ्यावर भागत नाही म्हणून पत्ते पिसावेत तसे क्रमांक पिसतो, सगळ्यांना नवे क्रमांक वाटतो, आणि जुना क्रमांक कुठला नवा झाला हे सांगणारी यादी कायमची नष्ट करतो. कुणाचं बाळ कुठलं हे कुणालाच, आम्हालाही, कधी कळू नये म्हणून. नवीन मुलं कामाला लागली की हा नियम मीच त्यांना शिकवते, आणि चांगला खडसावून शिकवते. गोट्या गेला तेव्हा मी इथे कामाला नव्हते. मी लागले तोवर त्याच्या वेळचे क्रमांक पिसून झाले होते. त्या संग्रहातल्या प्रत्येक हृदयात रंग मीच भरलाय. म्हणजे त्यालाही मीच रंगवलंय हे नक्की, आणि तेव्हा मी बहुधा रेडिओ ऐकत, चहा पीत बसले असेन.

तरी मी शोधलं. नियम मोडून, चोरासारखी, डोळ्यांत तेल घालून. भाऊजींनी तुला न सांगता त्याच्या फाइलचे फोटो पाठवले, त्यांना बोलू नकोस. मोठं भोक, चुकीच्या जागेवरून निघालेली शीर, आणि ऑपरेशनमध्ये लावलेलं ते ठिगळ, ज्याला तू ‘डॉक्टरांनी गोट्याच्या सदऱ्याला ठिगळ लावलंय’ म्हणाली होतीस. मी एकेक हृदय उघडत गेले. हे मोठ्या बाळाचं. याला ठिगळ नाही. याची शीर जागेवर आहे. बाजूला काढत काढत शेवटी तीन उरली. तिन्हींना तेच भोक, तीच शीर, तेवढंच ठिगळ. फाइलमधले सोनोग्राफीचे फोटो तर नुसते राखाडी धुकं. मी ते प्रत्येकाशेजारी धरून बघितले आणि तिन्हींशी जुळले. मशीनवाल्या काकांना आडून आडून विचारलं, की एखादं बाळ लक्षात राहतं का. ते म्हणाले, पोरी, मी सगळ्यांना सारखंच सांभाळून ठेवायचो, कुणाला कमी कुणाला जास्त असं केलं नाही.

शेवटी मी आमच्या प्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, नोकरीवरून काढतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की यादी असती तर तुझ्यासाठी काय वाट्टेल ते केलं असतं असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. असती तरी दिली नसती, आणि नाहीच आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी त्यांच्याशी भांडूही शकले नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. तुला आणून दाखवायची परवानगी मात्र त्यांनी लगेच दिली. बाहेर आले आणि बोळातच बसून रडले. रडूनही काही उपयोग नव्हता, पण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेव्हा आईने तुला फोन करून ‘सापडलं’ म्हणून जे सांगितलं, ते तिच्या मनचं. मला सापडलेलं नाही आणि आता सापडणारही नाही. आईचं म्हणणं, तिला काय कळणार आहे, कुठल्याही एकाकडे बोट दाखव आणि मोकळी हो, पोरीचा जीव तरी शांत होईल. तिच्यावर रागावू नकोस, तिला तुझ्याकडे बघवत नाही. मीही तयार झाले होते गं. काल जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं, तिघांपैकी मधलं मोठं करून लावलं, आणि पाहुण्यांच्या खुर्चीकडे बघून म्हटलं, ताई, हा बघ आपला गोट्या. आवाजसुद्धा अगदी बरोबर लागला. आणि मग मनात आलं, हा तो नसेल तर बाजूच्या दोघांतला एक आपला आहे, आणि त्याच्यादेखत मी दुसऱ्या कुणाला तरी आपलं म्हटलं. म्हणून हे पत्र. वाच, आणि शनिवारी यायचं की नाही ते तूच ठरव. आलीस तर तिघांनाही लावून ठेवीन, तिघांनाही हळू फिरवीन, हवा तेवढा वेळ बस. फक्त यातला कुठला, एवढं मला विचारू नकोस. तू विचारलंस, तायडे, तर मी बोट दाखवीन.

तुझीच,
भिंगरी