सेंटरला कुणाला उभं करायचं

प्रिय दिलेनिया,

तू वेळेवर जेवतेस का, शिलाईच्या कारखान्यातली ती मुकादमीण अजून तशीच खेकसते का, हे सगळं मी विचारलं असं समज. उत्तरं फोनवर दे. आज मला वेगळंच बोलायचंय. आपल्या बेसबॉलच्या संघात पार मागे, सेंटरला कुणाला उभं करायचं, ते ठरवायचं माझ्या गळ्यात आलंय. हसू नकोस. ज्या बाईनं जन्मात हातात बॅट धरली नाही तिला चागो अदबीनं म्हणतो, "दोन्या तातिका, तुम्ही सांगाल तो." संघ त्याचा, डोकेदुखी माझी. आणि पुरुषमाणूस एखादी गोष्ट बाईवर सोपवतो ना, तेव्हा ती बिघडणार हे त्यानं आधीच ओळखलेलं असतं.

हे पत्र नेहमीच्या हातचं नाही, ते तुला पहिल्या ओळीलाच कळलं असेल. सेन्योरिता ओब्दुलिया बहिणीच्या बाळंतपणाला गेली आहे. गेली ते एका परीनं बरंच झालं. नाताळात तू आलीस आणि तिच्या हातची जुनी पत्रं मला वाचून दाखवलीस, तेव्हापासून माझा तिच्यावरचा विश्वासच उडालाय. मी सांगितलं होतं की शेजारच्या क्रुसितानं बकरी मुद्दाम माझ्या कोथिंबिरीत सोडली आणि वर मलाच शिव्या दिल्या. आणि कागदावर काय, तर "क्रुसिता तुझी फार आठवण काढते." अगं, मी सांगते मिरची आणि ही बया लिहिते साखर. शिकलेल्या माणसाच्या हातात आपलं तोंड द्यायचं म्हणजे असं आहे. आपण बोलतो एक, कागदावर चढतं भलतंच, आणि आपण खाली अंगठा उठवून मोकळे. म्हणून या खेपेला लिहायला दुसरं माणूस बसवलंय. एक पान भरलं की मी ते काढून घेते आणि मांडीखाली ठेवते. का, ते विचारू नकोस. माझी मांडी, माझं पत्र.

तर सेंटर. मोंचोचा गुडघा अखेर गेला. इतकी वर्षं आपल्या लिंबाच्या कुंपणाला पाठ करून तो उभा राहिला, त्याच्या सदऱ्याच्या पाठीवरचं प्रत्येक ठिगळ मी ओळखते. आता तो बायकोच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना आपले जुने झेल सांगतो. तो गेल्यावर तिघांची नावं निघाली. आणि काय गंमत बघ, नावं निघाली त्याच आठवड्यापासून माझ्या दारात वर्दळ सुरू झाली.

पहिला फेफो, चागोचा जावई. तो एवढी मोठाली अवाकाडो घेऊन आला. "दोन्या, तुमच्यासाठी झाडावरच राखून ठेवली होती." मी म्हटलं, "राजा, तुझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तेव्हापासून राखतोयस का? मग सडली असतील." बिचारा लाजला. फेफो मनानं वाईट नाही, पण त्याचं पोट त्याच्या आधी चेंडूकडे पोचतं, आणि पाय आपले मागून विचार करत येतात. दुसरा आपलाच निदो, माझ्या बहिणीचा नातू. धावायला हरीण आहे, कबूल. पण दिलेनिया, तो माझ्या कोंबडीखालची अंडी उचलायचा, आणि विचारलं की त्याच अंड्यांची शपथ घेऊन सांगायचा, "तातिका, मी नाही." रक्ताचा आहे म्हणून मी त्याला जेवायला वाढीन. सेंटरला उभा नाही करणार.

तिसरा एव्हारिस्तो. तू त्याला पाहिलेलं नाहीस, तो ऊसतोडणीच्या सुरुवातीला अझुआकडून आला. ऊस तोलायच्या काट्यावर बसतो. बाई गं, काट्यावरचा माणूस! तुझ्या आजोबांनी जन्मभर ऊस तोडला आणि जन्मभर काट्यावरच्या माणसाच्या अंगठ्याला शिव्या घातल्या. तो अंगठा कधी कुठे टेकतो ते तोलणाऱ्यालाच ठाऊक. कान म्हणशील तर खेचराचे, वाऱ्याच्या दिवशी धावताना तेच त्याला मागे ओढत असतील. गातो नाकातून. आणि आल्यापासून माझ्याशी इतका गोड वागतो की मला रात्री उठून कडी तपासावीशी वाटते. परवा न सांगता माझी सगळी लाकडं फोडून दिली. न सांगता लाकडं फोडणाऱ्या माणसाकडे मी नेहमी दोनदा बघते.

लिहिणारं माणूस थांबलंय. शाई संपली का म्हणून विचारलं, तर नाही म्हणतंय. मग लिही म्हटलं, जसं सांगते तसं.

तर या एव्हारिस्तोला चागोनं पहिल्याच दिवशी आपली पद्धत समजावली, मी कुंपणाआडून ऐकत होते. "हे बघ, आमच्याकडे पंच एकच, डॉन उलिसेस, तो तिकडे त्या टोकाला. त्याचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. इथे सेंटरला गवत वाढलेलं, पलीकडे चर. इथे चेंडू पडला की झेलला, ते कुणालाही दिसत नाही. म्हणून पंच लांबून ओरडून विचारतो, आणि सेंटरवाला हात वर करतो. हात वर म्हणजे झेलला. हात खाली म्हणजे पडला. त्यावर वाद नाही, पलीकडच्या गावचे, ला सेइबाचे लोकसुद्धा घालत नाहीत." एव्हारिस्तो म्हणाला, "आणि कुणी खोटाच हात वर केला तर?" चागो म्हणाला, "असं अजून कुणी विचारलंही नव्हतं." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला पहिल्याच दिवशी हा प्रश्न सुचतो, तो एकतर फार सरळ असतो नाहीतर फार वाकडा.

तुझे आजोबा त्याच गवतात उभे राहायचे. एकदा शेवटच्या डावात त्यांनी चेंडू उचलून आणला आणि हात खालीच ठेवला. कुणी पाहिलं नव्हतं. वर केला असता तर त्या वर्षीचं बक्षिसाचं डुक्कर आपल्या गावानं भाजलं असतं, ते ला सेइबानं भाजलं, आणि वास मात्र वाऱ्यानं आपल्याकडे आला. न्हाव्यानं त्यांचे केस कापायचं बंद केलं. नाताळापर्यंत ते मानेवर रुळणारे केस घेऊन हिंडले, जत्रेतल्या संतासारखे. पण तेव्हापासून ला सेइबाच्या माणसांनी आपल्या सेंटरच्या हातावर कधी शंका घेतली नाही. आत्तापर्यंत.

आता काय झालं ते ऐक. मागच्या रविवारी ला सेइबा इथे खेळायला आले, आणि चागोनं सेंटरला या एव्हारिस्तोला उभं करून बघितलं. शेवटचा डाव, एक गडी बाकी, आपण एका धावेनं पुढे. मी नेहमीसारखी कुंपणाला लागून कढई मांडून यानिकेकेच्या पुऱ्या तळत होते. त्यांच्या त्या लठ्ठ शिंप्यानं चेंडू असा उडवला की तो सूर्यातच गेला. एव्हारिस्तो मैदानाला पाठ करून धावत सुटला, थेट माझ्याकडे. गवतात त्यानं अंग टाकलं, लोळला, धूळ उठली. मला थप् असा आवाज आला. पण तो कातड्याचा की मातीचा? तेवढ्यात तेलाचा धूर डोळ्यांत गेला. डोळे पुसून बघते तर हा उभा, चेंडू हातमोज्यात, आणि डॉन उलिसेस ओरडून विचारायच्या आधीच हात वर! मोंचो नेहमी विचारल्यावर हात वर करायचा, सावकाश, चर्चमध्ये मिस्साला निघाल्यासारखा. याला एवढी घाई कसली?

झालं. आपली माणसं नाचली, ला सेइबाची माणसं गप्प राहिली. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. जाता जाता त्यांचा म्होरक्या माझ्या कढईपाशी थांबला, एक यानिकेके घेतली आणि म्हणाला, "दोन्या, तुमचा तो नवा फार चपळ आहे. हातानं तर जास्तच." पुढच्या रविवारी ते परत येणार आहेत, आणि त्यांनी निरोप धाडलाय: सेंटरला भरवशाचा माणूस उभा करा, नाहीतर आम्ही आमचा एक माणूस पंच म्हणून त्या गवतात उभा करू. कळलं का तुला? आपल्या सेंटरमध्ये, माझ्या कुंपणापाशी, ला सेइबाचा राखणदार! उद्या म्हणतील माझी तळणीही मोजून घ्या.

तेव्हापासून सगळं गाव माझ्याकडे बघतंय. "तातिका, तू तिथेच होतीस. झेलला ना?" क्रुसितासुद्धा बकरी बांधून आली विचारायला. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, कारण मला ठाऊकच नाही. झेलला म्हणाले आणि नसला, तर तुझ्या आजोबांचे ते केस वाया गेले. पडला म्हणाले आणि झेलला असला, तर एका सरळ माणसाला मी चोर ठरवलं, तेही परक्या गावात, जिथे त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. त्याला स्वतःला विचारून काय उपयोग? तो हो म्हणणार. सरळ असला तरी हो, वाकडा असला तरी हो. लाकडं फोडतो ती सरळ म्हणून की मला फितवायला म्हणून? काल कॉफी पिताना मी त्याच्याकडे टक लावून बघत बसले, तर त्यानं विचारलं, "दोन्या, माझ्या तोंडाला काही लागलंय का?" मी म्हटलं, "तेच शोधतेय."

आता तुला सांगते हे पत्र कशासाठी. लिही, थांबू नकोस. दिलेनिया, हे सगळं जो लिहितोय ना, तो एव्हारिस्तोच आहे. काट्यावर बसतो म्हणजे लिहिता येणारच, म्हणून मी त्याला म्हटलं, नातीला चार ओळी लिहायच्यात, बसतोस का. बसला बिचारा, फोडलेल्या लाकडांवरच. त्याचे कान, त्याचा अंगठा, त्याचं नाकातलं गाणं, मी सगळं त्याच्या तोंडावर सांगत गेले आणि तो मान खाली घालून लिहीत गेला. काय लिहीत गेला, ते देवाला ठाऊक. त्या गवतात पंच आंधळा आणि या कागदावर मी आंधळी. इथेही त्याला बघणारं कुणी नव्हतं. मिरचीची साखर करणं त्याच्या हातात होतं, आणि भरलेली पानं माझ्या मांडीखाली आहेत, आता त्याला ती सुधारता यायची नाहीत. आत्ता पेन हवेत धरून बसलाय, आणि कान, जे मी आधी सांगितले ते, लालबुंद झालेत. म्हणतो, "दोन्या, सरळ विचारलं असतंत तर?" मी म्हटलं, "सरळ विचारलं असतं, तर तू सरळ सांगितलंस की वाकडं, हे बघायला मला आणखी एक पत्र लिहावं लागलं असतं." हेही लिही म्हटलं. उद्याच्या बसवाल्याबरोबर हे तुला मिळेल. गुरुवारी दुपारी डॉन उलिसेसच्या औषधाच्या दुकानात फोन कर, मी तिथे बसलेली असेन, चागोही असेल. पहिल्या ओळीपासून वाच, कुणाची भीड धरू नकोस. मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. एखादी शिवी जरी गळाली असली, तर रविवारी फेफो उभा राहील आणि आपण हरू, हरणं मला परवडतं. आणि सगळ्या निघाल्या, एकूण एक, तर ला सेइबाच्या त्या म्होरक्याला मी स्वतः सांगेन, तो चेंडू आमच्या एव्हारिस्तोनं झेलला होता.

तुझीच, अंगठा उठवणारी,
आजी तातिका