शिजवून पाहिलेला लॉट

१० फेब्रुवारी, नांदेड

काय झालं ते आधी क्रमाने.
१. डाळ निवडणाऱ्या सॉर्टर मशीनच्या स्क्रीनसमोर बसले होते. डोळ्यांपुढे अंधारी आली.
२. खुर्चीवरून खाली पडले. कोपर सोललं.
३. मशीन थांबलं नाही. डाळ पडतच होती.
४. सुपरवायझर सत्यम धावत आला. पहिला प्रश्न — "लॉट थांबला नाही ना?"
५. मी म्हणाले, "नाही."

११ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. काम काय करता? — डाळमिलमध्ये क्वालिटी बघते. — जड काम? — नाही. काचेच्या खोलीत एकटीने बसायचं. मशीन डागी दाणे नीट उडवतंय का, ते स्क्रीनवर बघायचं. "मग त्रास कशाचा?"

मोजता येत नाही, म्हणून रिपोर्ट पिशवीत घातले आणि उठले.

१३ फेब्रुवारी

लातूरची मिल आठवत राहिली. माझी पहिली नोकरी. राजशेखरअण्णांची मिल — धूळ, पत्रे, आणि हाताने डाळ निवडणाऱ्या सहा बाया. तिथली रीत अशी, की प्रत्येक लॉटमधली वाटीभर डाळ शिजवून बघायची. किती वेळात मऊ होते ते मी लिहायची. मग त्याच डाळीला लसणाची फोडणी, आणि सगळ्यांनी गोल बसून भाकरीबरोबर खायची! अण्णासुद्धा.

बायांमधली थोरली तुळजाबाई. "तपासणी हाय का पंगत गं? तिसऱ्यांदा वाढून घ्यायलीस!"

मी ताट पुढे करायची.

त्या मिलमध्ये मी कधी आजारी पडले नाही. नांदेडला आले ते हुद्द्यासाठी. हुद्दा मिळाला.

१४ फेब्रुवारी

नांदेडला आल्यापासूनचं पित्त पुन्हा उसळलं. डबा तसाच परत आणला.

१६ फेब्रुवारी

अण्णांना फोन केला. सरळ विचारलं — परत घ्याल का?

"ये की माय! तुझीच आठवण काढायलो होतो. आपल्याकडं बी सॉर्टर यायलाय. चालवायला तूच पाहिजे."

मागून तुळजाबाई ओरडली, "तनुजा हाय का? लई वाळली असंल! ये म्हणावं, दोन भाकरी जादा आणते!"

तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सॉर्टर लागला की हाताने निवडायला काही उरत नाही. इथे उरलं नाही.

१७ फेब्रुवारी

अण्णांना पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा —

"अण्णा, सॉर्टर आल्यावर सहाही बाया कामावर राहतील का? राहणार नसतील तर मी येणार नाही. शनिवारपर्यंत कळवा."