गुऱ्हाळामागची ॲम्बॅसिडर

४ ऑक्टोबर
सकाळी दुकान उघडतोय तवर ग्रुपवर फोटो. जुन्या गाड्यांचे पार्ट विकतो म्हणून कोणबी फोटो टाकतंय आणि विचारतंय. हा नेसरीचा भंगारवाला. "पावणं, ही कुठल्या सालची? बंद गुऱ्हाळामागं पडलीया. मालकानं सगळं भंगार मला दिलंय."
ॲम्बॅसिडर. बाजूनं काढलेला फोटो. दारांचे खालचे पत्रे सडलेत, टायर बसलेत, काचेतनं वेल आत गेलाय. साल सांगून टाकलं. मग डावं मडगार्ड बघितलं आणि फोन पालथा घातला.
अख्खी गाडी तांबरलीय, ते मडगार्ड तेवढं निळसर पांढरं. आपल्या गाडीचं तसंच होतं. गडहिंग्लजच्या बाजारात बैलानं धडक दिली, तवा दुसऱ्या गाडीचं बसवलेलं. उसना पत्रा वेगळा म्हातारा होतो.
वहिनी चहा घेऊन आल्या. "कुणाचा फोटो, भावजी?"
"गिऱ्हाईकाचा."


५ ऑक्टो.
घरातले दसऱ्याचे फोटो काढले. दर खंडेनवमीला गाडी धुवायची, पुजायची, दारात उभी करून फोटो. आणि दर फोटोत झेंडूचा हार बरोबर नंबर प्लेटवर! आमच्या वडलांचा, आबांचा हट्ट. म्हणायचे, पूजेच्या दिवशी नंबर कशाला बघायचा? घ्या आता. एका फोटोत नंबर दिसत न्हाय.
नंबर मला पाठ हाय म्हणा. पण नेसरीच्या फोटोत पुढची बाजूच न्हाय.
सलीमला दाखवलं. मडगार्ड त्यानंच रंगवलेलं. "रंग माझाच वाटतोय की. पण असली छप्पन्न रंगवली मी. उगं वहिनीस्नी काय सांगू नकोस."
त्याचं बरोबर हाय. आबांनी गाडी भंगारात घालायची म्हटलं, माझा थोरला भाऊ अण्णा भांडला, किल्ली घेऊन गाडीसकट गेला तो गेलाच. पोलिसात दिलं, काय झालं न्हाय. आबा वाट बघत गेले. वहिनी अजून दसऱ्याला दारात रांगोळी गाडीएवढी जागा सोडून काढतात. त्यांना खोटी आशा दिली तर…
भंगारवाल्याला फोन केला. पुढनं फोटो पाठव म्हटलं. "पाठवतो. पर मंगळवारी गॅसनं कापणार बघा."

६ ऑक्टो. कोजागिरी
फोटो आला. नंबर दिसत न्हाय. नंबराच्या जागी हार.
ताजा झेंडू. आयला! जिचं इंजिन कधीच गेलंय तिला खंडेनवमीचा हार कोण घालतंय?
फोन. "हार तू घातलास?"
"मी कशाला घालू? कापायच्या गाडीची पूजा करतंय व्हय कोण?"
वहिनी दूध आटवत होत्या. मागं कधी आल्या कळलं न्हाय. फोन हातातनं घेतला. त्यांनी मडगार्ड बघितलं न्हाय, हार बघितला न्हाय. डाव्या चाकाखाली बोट ठेवलं.
लिंबू. लोक चारी चाकांखाली ठेवतात. अण्णा एकच ठेवायचा, डाव्या. त्याच चाकाला नजर लागलीया म्हणायचा. ह्या फोटोत लिंबू अख्खंच हाय. गाडी हलतीया कुठं चिरडायला!
वहिनींनी गॅस बंद केला. "म्हंजे हाईत. मग आले का न्हाईत?"


७ ऑक्टो.
वहिनींना घेऊन नेसरी. भंगारवाला सिलिंडर लावून तयारच. हार बाजूला केला, प्लेटच न्हाय. स्क्रूची दोन भोकं. बंपरखाली मात्र वाळलेले हार, एकावर एक, दोऱ्यासुद्धा कुजलेल्या. दर वर्षाचे.
मी मडगार्डाचे बोल्ट बघत बसलो. आपलंच. शंभर टक्के.
"कापा," वहिनी म्हणाल्या.
"वहिनी, अहो…"
"काय अहो? घरापासनं एसटीच्या अंतरावर येऊन ह्या माणसानं लोखंडाला हार घातला, भावजी. दर वर्षी. माझी एकदा आठवण न्हाय झाली?"
मला रडू आलं. त्या रडल्या न्हाईत. भंगारवाला वैतागला, "कापू का नको, एकदाचं सांगा की." उद्यापर्यंत थांब म्हटलं, हात जोडले.

८ ऑक्टो.
सकाळी वहिनी चप्पल घालून दारात. "नेसरीत विचारून बघते. भेटले तर तोंडावर विचारीन. न्हाय भेटले तर कापू दे."
"मी येतो."
"तुम्ही नको. तुम्ही गाडीचंच बोलत बसाल."
दिवसभर दुकानात लक्ष न्हाय. एकाला चुकीचा हेडलाइट दिला, शिव्या खाल्ल्या. भंगारवाल्याचे तीन फोन. बाई सांगतील तसं कर म्हटलं. वहिनी फोन उचलंनात.
संध्याकाळी स्टँडवर गेलो. नेसरीची गाडी लागली, सगळी उतरली. वहिनी न्हाईत.
तिथंच उभा असताना वहिनींनी पाठवलेला फोटो आला. खाली एक अक्षर लिहिलेलं न्हाय. ॲम्बॅसिडरचं बॉनेट, कापलेलं न्हाय. बॉनेटवर चहाचे दोन कप.
बोटांनी मोठा करून करून बघितला. गाडी आपली. दुसरा कप कुणाचा, ते फोटोत दिसत न्हाय.