पिंपाशेजारची खुर्ची

ती. आत्या,

धुराचा वास अजून न गेलेल्या दोन्ही हातांनी साष्टांग नमस्कार. (साबण दोनदा बदलून झाला.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हणून सांगितलं आणि तू गच्चीवर टोमॅटो लावलेस असं ऐकलं. तेव्हा आधी गुडघ्याची चौकशी करावी की टोमॅटोची, हेच कळत नाही. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे "ठीक" मी आठ महिन्यांत पहिल्यांदाच खरं लिहिते आहे, आणि त्याला कारण तुझं ते पिंप.

कबूल करते, पिंप आलं त्या दिवशी मी तुझ्यावर जाम चिडले होते. मी तुला लिहिलं होतं काय, तर कारखान्याने बॉयलरवर पडद्याचं नवं यंत्र बसवलं, ते स्वतःच सगळं बघतं, आता माणूस लागत नाही म्हणून बाबांना घरी पाठवलं, तेव्हापासून ते खोलीतून बाहेर येत नाहीत, दिवसभर "हो", "नको" आणि "राहू दे" एवढ्यावर भागवतात, आणि तोंडाला चव नाही म्हणून ताटावरून अर्ध्यात उठतात. तर मी काय करू? आणि तू पाठवलंस काय, तर मांसाला धुरी द्यायचं लोखंडी पिंप आणि वर चिठ्ठी, की रविवारी करून बघा, सोपं असतं. मला वाटलं, आत्याचं वय झालं. माफ कर.

सोपं असतं हे तुला ज्याने सांगितलं, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसव. तुझ्या जावयाने पहिल्याच रविवारसाठी मेंढीच्या खांद्याचा अडीच किलोचा तुकडा आणला. (खाटकाने विचारलं, पाहुणे किती? हे म्हणाले, घरचीच तीन माणसं, पण शिकतोय.) मीठमिरी चोळून झाली. सुताराकडून पेरूचं वाळलेलं लाकूड मिळालं. इथवर सगळं बरं चाललं होतं. पण लाकूड भिजवलं की धूर जास्त होतो असं ह्यांनी कुठेतरी वाचलं (ह्यांचं वाचन नेहमी अर्ध्या पानापर्यंत असतं) आणि ते सगळं माझ्या फरशी पुसायच्या बादलीत बुडवून ठेवलं. धूर जास्त झाला, यात शंका नाही. पांढरा, दाट, डोळे चोळायला लावणारा धूर मागच्या अंगणातून थेट शेजारी गेला. तिथे शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकाचा नवा पांढरा सदरा वाळत घातला होता. त्यांनी तो काढला, खिडकी लावली, आणि लावता लावता माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही. त्यात पिंपासोबत आलेला थर्मामीटर काही केल्या आकडे दाखवेना. ह्यांनी तो ठोकला, झटकला, शेवटी त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलूनही पाहिलं. मग आच कळायला दर पाच मिनिटांनी झाकण उघडणं आलं, आणि दर वेळी आतली ऊब बाहेर आणि धूर आमच्या तोंडावर.

आणि बाबा बाहेर आले.

पायांत चपला उलटसुलट, आणि लक्ष आमच्याकडे नाहीच, वर धुराकडे. एकतीस वर्षं ज्या माणसाने धुराड्याकडे बघून आतली आग ओळखली, त्याच्या खिडकीखाली आम्ही हे करत होतो. हा धूर कोणी केला, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग ते बोलले, आत्या. सलग बोलले. पांढरा धूर म्हणजे आग गुदमरतेय, ओलं लाकूड आधी बाहेर काढा, खालची झडप उघडा, आणि झाकणाला पुन्हा हात लावाल तर (पुढचे शब्द बॉयलरवरचे होते). आच किती आहे म्हणाले. मी म्हटलं, थर्मामीटर बिघडलाय. त्यांनी झाकणावर तळहात धरला. मग म्हणाले, "गेज गेलं की माणूस बसवायचा." आणि आत जाऊन स्वतःची खुर्ची घेऊन आले. आठ महिने भिंतीकडे तोंड करून असलेली तीच खुर्ची.

सहा तास बसले. मधून मधून झाकणावर तळहात धरायचे, मनात आकडे मोजायचे, झडप बोटभर सरकवायचे. धूर पातळ झाला, निळसर झाला, शिंपीणबाईंनी खिडकी उघडली. मांसाचं मात्र आम्ही पहिल्या तासातच वाटोळं करून ठेवलं होतं. वरून कोळसा, आतून काढ्यासारखं कडू. तरी बाबांनी दोनदा वाढून घेतलं. हात धुताना म्हणाले, कडू झालंय, पुढच्या रविवारी लाकूड सुकंच घ्या. आत्या, ते "पुढच्या रविवारी" म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.

आता चार रविवार झाले. मांस मऊ होतं, शिंपीणबाई स्वतःची कोंबडी घेऊन येतात, आणि तुझ्या जावयाची बढती राख काढण्यापर्यंत झाली आहे. बाबा त्यांना रागावतात तेव्हा मला इतकं बरं वाटतं की मी मध्ये पडत नाही. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही, म्हणून नुसतंच लिहिते : तू होतीस म्हणून झालं.

तुझीच,
धुरकटलेली भाची

ता. क. : तू फोनवर नवा थर्मामीटर पाठवते म्हणालीस. कृपा करून पाठवू नकोस, खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. जुना बिघडलेला नाहीच. ह्यांनी सेल उलटा घातला होता. दुसऱ्या दिवशी मी सुलटा केला तर आकडे लगेच दिसले. पण एका पडद्याने बाबांना घरी बसवलं, दुसरा मी माझ्या हाताने आणणार नाही. तो मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आहे. बाबांनी विचारलं तर सांग, हल्ली मिळत नाहीत. पाठवायचाच असेल तर घरचा नको, मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता घाल.

आणखी ता. क. : ह्यांनाही सांगितलेलं नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. पत्र टाकायला बाबांकडे देते, हल्ली ते कोपऱ्यापर्यंत फिरायला जातात. काळजी नको, पाकीट नीट चिकटवलं आहे.

ताई, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. थर्मामीटर मला दुसऱ्याच रविवारी भाताला तांदूळ काढताना सापडला. चालू आहे. माझ्या हातात आणि त्याच्यात चार अंशांचा फरक निघाला, चूक त्याची असावी. होता तसा परत पुरून ठेवला. पोरीला कळू देऊ नकोस. सेल तेवढा काढून माझ्या खिशात ठेवला आहे. जावईबापूंचा नेम नाही, हाती लागला तर चालू करतील.